नातूर

घर पाहावं बांधून म्हणतात.
आम्ही पाहिलं तीन शुक्रवार, भाड्याने.

निशिकांतने चौकटीच्या कागदावर रकाने आखले:
भाडं, वीज-पाणी धरून की सोडून,
ईसा टाउनच्या शाळेची बस किती वाजता,
प्रतीक्षायादीत आपल्यापुढे किती.
कारखान्यात भट्टीचं तापमान लिहितो
तेच नेटकं अक्षर.

माझे रकाने नाकात.
जुफैरच्या विसाव्या मजल्यावर कसलाच वास नव्हता,
फोडणीचा नाही, धुपाचा नाही,
लिफ्टमध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.
सारच्या बंगल्यांना भिंती उंच, बोगनवेलही भाड्यात धरलेली.
तिसऱ्या ठिकाणी दलाल आवाज उतरवून म्हणाला,
"या इमारतीत सगळी आपलीच माणसं. मासळीसुद्धा शिजत नाही."
मी दाभोळची. खाडीच्या तोंडाशी वाढलेली.
आपली म्हणजे कुणाची, हे मी विचारायच्या आत
निशिकांतने फुली मारली.

गुदैबियात जिना चढताना
पहिल्या मजल्यावर सुकं लिंबू उकळत होतं,
दुसऱ्यावर कुणीतरी लसूण करपवला होता,
तिसऱ्यावर कॉफीचे दाणे भाजत होते, थेट तव्यावर,
आणि दारांबाहेर चपला,
इतक्या मापांच्या की शाल्मली मोजायलाच बसली.
"आई, माझ्याएवढे सहा पाय आहेत इथे."
"म्हणजे तीन मुलं."
"किंवा सहा, लंगडी खेळणारी."

खाली जिन्याच्या पोकळीत एक खाट, एक शेगडी
आणि तो.
"नातूर," दलाल म्हणाला.
मला आधी नातू ऐकू आलं.
इथे पहारेकऱ्याला म्हणतात.
पन्नाशीचा, नोआखालीचा, नाव मोफज्जल.

दलाल फोनवर गेला तेव्हा मी त्यालाच विचारलं.
त्याच्या हिंदीत अर्धी बंगाली, पाव अरबी,
माझ्या हिंदीत कोकण,
तरी सगळं कळलं:
निळी बस पावणेसातला, चुकत नाही.
पिवळीचा ड्रायव्हर मुलांवर ओरडतो.
ज्या शाळेचा फलक मोठा
तिथली पोरं परत येतात ती गप्प उतरतात.
छोट्या फलकाची उतरतात भांडत, चार भाषांत,
आणि जिना चढेस्तोवर पाचवीत समेट करतात.
सुदानी डॉक्टरांचा मुलगा गणितात नापास झाला होता,
त्याला बाईंनी दुपारी थांबवून शिकवलं. पैसे घेतले नाहीत.
अकरा वर्षं रोज सकाळी हा माणूस
त्या फाटकाशी उभा आहे.
निशिकांतचा कागद
त्याने हातात धरून उलटा-सुलटा पाहिला, परत दिला.

मग विचारलं, फी किती?
मी सांगितली. सांगायला नको होती.
त्याचे ओठ हलले. पगाराने भागत होता.
बाकी काही उरलं असावं, कारण मान हलवली.
"माझी मुलगी सातवीत," म्हणाला. "गावची शाळा.
नदी चढली की सुट्टी."
फोटोत ती शाल्मलीएवढी होती.
फोटो जुना होता.

घर तेच घेतलं.
करारावर निशिकांतची सही, कंपनीचा शिक्का,
व्हिसा आहे तोवरचं बिऱ्हाड.
शाळेच्या अर्जात, मातृभाषा: मराठी.
पुढे, दुसरी भाषा निवडा. त्यात ती नव्हती.
शाल्मलीने अरबीपुढे खूण केली,
"चपलावाल्यांशी बोलायला."

वन्संना फोनवर सांगितलं, शेजार चांगला आहे,
एका जिन्यात सात देश.
"सात म्हणजे कोणकोणते?" त्यांनी विचारलं.
बोटं मोजत गेले, सात भरले,
आणि जिन्याखालचा राहिलाच.
"आठ," म्हटलं, पण तोवर त्या दुसरंच बोलू लागल्या होत्या.

पहिल्या दिवशी त्यानेच तिचं दप्तर
निळ्या बसच्या पायरीवर ठेवलं.
बस गेली. त्याने मनगट वळवून वेळ पाहिली.
मीही पाहिली, त्याच्या घड्याळात.
पावणेदहा.
तिकडे घंटा कधीच होऊन गेली असणार.