चाकाचा आऊट

चार मुलींवर पाचवी. दिलारा.
सहाव्या वर्षी आईने कात्री काढली,
मेंढ्या भादरायची, जड, गंजकी,
आणि परसात तुतीखाली बसवून
मला दिलावर केलं.
नावातलं अक्षर बदललं, बस्स.

आमच्या बोलीत तो आणि ती वेगळे नाहीत.
दोघांत मिळून इवलासा एक शब्द: ऊ.
तेव्हा खोटं असं कुणालाच बोलावं लागलं नाही.

बाकीचं आईने शिकवलं.
बसताना गुडघ्यांनी एकमेकांना विचारायचं नाही.
दारातून आधी आवाज आत येऊ द्यायचा, मग पाय.
रडू आलं तर दगड उचलायचा,
कशावर तरी मारायचा.
तिला हे सगळं कुठून ठाऊक
ते विचारायचं वय नव्हतं.

मग मी पोरगा झालो. जड गेलं नाही.
पुले-खुम्रीत नदीच्या अंगाला बाबांचं सायकलचं दुकान,
तिथे बसू लागलो.
ट्यूब बादलीत दाबून बुडबुडे शोधायचो,
उन्हाळ्यात नदीत उड्या मारायचो, सदऱ्यासकट,
थोरली परवाना दवाखान्यात निघाली
की तिच्यासोबतचा पुरुष म्हणून
नऊ वर्षांचा मी, दोन पावलं पुढे.

दस्तरखानावर मांसाचा मोठा तुकडा
चौघींना ओलांडून माझ्या पुढ्यात यायचा
आणि मी खायचो.
लाज वाटली नाही. एकदाही नाही.
हे सांगायलाच हवं.

बाबा चाकाचा आऊट काढत तेव्हा
मी खडू धरायचो.
सायकल उलटी, चाक गरागरा,
रिमच्या अगदी जवळ खडू.
जिथे लागला तिथली तार आवळायची,
समोरची किंचित सैल.
‘आपोआप कुठलंच चाक गोल राहत नाही,’
बाबा म्हणायचे, पान्हा फिरवत, माझ्याकडे न बघता.

चौदावं सरलं तेव्हा कुंदूझहून काका आले.
चहा झाला. खडीसाखर दातात धरून
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.
‘ऊ मोठं झालंय की,’
एवढंच.
दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळ्या
बाबांनी एकट्याने काढल्या.

तुती तीच. या खेपेला कात्री नव्हती.
केसांना वेळ लागतो, तोवर रुमाल.
आई पुन्हा शिकवायला बसली
तेच धडे, शेवटाकडून.
गुडघे जवळ. आवाज आत.
कसा बसू, कशी बसू,
महिनाभर मी उभ्यानेच जेवलो.
मग बसून जेवले.

माझ्या चालीला बहिणी हसायच्या.
परवाना नाही. तिने एकदा
आपल्या वाटणीचा अर्धा तुकडा
काही न बोलता माझ्याकडे सरकवला.
तो मात्र गिळता येईना.

त्या साली तुती खूप आली.
गच्चीवर वाळत घातलेली आम्ही दोघी गोळा करत होतो.
खाली शेजारणीची शेळी सुटून रस्त्याकडे धावली,
आणि आईने दोन बोटं तोंडात घालून
अशी शीळ घातली
की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली.
शेळी जागीच थबकली.
आईने बोटं घागऱ्याला पुसली.

‘किती वर्षं?’ मी विचारलं.
‘सात. वडिलांची मेंढरं होती.’
‘मग?’
‘मग तुझे बाबा.’
पुढे म्हणाली, हात चालव,
दव पडलं की तुतीला बुरशी धरते.

आता माझ्याच अंगणात, फाटक लावून,
गल्लीतली पोरं सायकली आणतात.
त्यांच्या आयांना ठाऊक आहे, बापांना नसावं.
पैसे घेत नाही. कधी अंडी देतात.
सायकल उलटी करते,
चाक गरागरा फिरवतो,
खडू जवळ नेते.

कुठेतरी लागतोच.