गाव : इतर

मे महिना. जळगावात सेहेचाळीस.
विद्यापीठात थंड अशी एकच खोली, सर्व्हरची,
म्हणून दुपारी आस्थापना विभाग डबे घेऊन तिथेच येतो.
कळण्याची भाकर, ठेचा, आणि मागे रॅकवर
वीस वर्षांच्या परिपत्रकांची घरघर.

माझं काम जुनं संकेतस्थळ नव्यात ओतायचं.
करार अकरा महिन्यांचा, पानं चौदा हजार.
निम्मी अशा फॉन्टात, जो आता कुणाकडेच नाही.
उघडलं की मराठीच्या जागी
टोप्या घातलेली रोमन अक्षरं, पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह.
मी ती यंत्रातून काढते. बाहेर येतं :
‘परिक्षा फॉर्म भरन्याची अंतिम मूदत’.
शुद्धलेखन मी सुधारत नाही.
तेवढा पगार नाही.

ही पानं दगाआप्पा बोरसेंनी टाइपलेली.
निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी बँकेत आले की डोकावतात.
विकलेली सायकल दुसऱ्याच्या दारात दिसावी
तसे बघतात स्क्रीनकडे.
‘हाई पान मी रातना दोन वाजता चढाडेल शे, माय.
लाइट जायेल व्हती.’

समितीला निळा रंग हवा होता. मग जांभळा.
मग पुन्हा निळाच, पण ‘जरा आजचा वाटेल असा’.
इंट्रानेटवर रजेचा अर्ज तीन क्लिकांत बसवला.
नशीर तडवी त्याची छापील प्रत काढतो,
साहेबांची सही घेतो,
फाइलला लावतो,
आणि मग क्लिक करतो. तीनदा.

तर, विद्यार्थ्यांचा अर्ज.
जिल्हा निवडा. तालुका निवडा. जन्मगाव निवडा.
यादी सरकारी, स्वच्छ, अकारविल्हे.
एका संध्याकाळी मदतकक्षाला फोन :
‘तळोद्याकडून बोलतोय. रायसिंग पावरा, एम. ए. इतिहास.
माझं गाव येत नाहीये.’
म्हटलं, नेटवर्क असेल. पान पुन्हा उघडा.
‘पान येतंय, मॅडम. गाव येत नाही.’

गाव काळीआंबा. नर्मदेच्या काठाला होतं.
धरणाचं पाणी चढलं तेव्हा हा चार वर्षांचा.
आता राहतात त्या वसाहतीला नाव नाही, क्रमांक आहे.
‘तो टाकलाय पत्त्यात. पण हा रकाना
जन्मगावाचा आहे ना?’

जन्मगावाचाच होता. मीच आखलेला.
म्हटलं, यादीत सगळ्यात खाली बघा.
तो गप्प. पलीकडे एक मोटरसायकल सुरू होत नव्हती,
कुणीतरी किक मारत होतं, मारतच होतं.
मग म्हणाला, ‘इतर टाकू?’
मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर
तक्रारीपुढे ‘निकाली’ अशी खूण केली.

तीन-चार दिवसांनी ओतता ओतता हाती लागला
दोन हजार पाचचा प्रवेश अर्ज, आप्पांचाच.
ना यादी, ना बाण. एक करडी चौकट,
आत काही नाही, आणि वर
‘तूमचे गाव लिहा’.

समितीसमोर मांडलं. म्हणाले, लोक काहीही लिहितील.
विदा अशुद्ध होईल.
इतिवृत्तात तसं नोंदवलंही गेलं,
जांभळ्याच्या मुद्द्याखाली.

यादीच्या तळाशी मी ती चौकट बसवली आहे.
परवानगी आलेली नाही, करार जूनमध्ये संपतो.
आठवडाभरात सात नोंदी आल्या.
त्यात काळीआंबा तिघांचं :
एकानं कालीआंबा लिहिलंय, एकानं काळि आंबा, तोडून,
आणि एकानं नुसतंच आंबा.
मी तिन्ही तशीच ठेवलीत.