शेऱ्याचा रकाना

कंपनी म्हणते, बावीस पूर्णांक चार.
कंपनीनं ती कुठे चालवली असेल ते असो,
वाटूळचा चढ तिथे नसणार,
आणि मागच्या सीटवर दोन फणस, नारळाचं पोतं
आणि खिडकी अर्धी उघडीच हवी म्हणणारी
शशिकला तर नसणारच.

मी मोजणी खात्यात एकतीस वर्षं साखळी ओढली.
बांधावर सख्खे भाऊ कोयते घेऊन उभे राहिले
तरी माझा आकडा वीतभर सरकला नाही.
तेव्हा डॅशबोर्डवरच्या हिरव्या आकड्यावर
मी विश्वास ठेवावा, हे जमणार नाही.
टाकी भरायची. नळी आपोआप खट् झाली की थांबायचं.
पंपावरचा रुपेश म्हणतो, काका, अजून बसतंय,
गोल आकडा करू?
नको.
गोल आकड्यात कुणीतरी कुणालातरी फसवलेलं असतं.

वही डावीकडच्या कप्प्यात, पेन्सिल रबरानं बांधलेली.
तारीख, किलोमीटर, लिटर, भागाकार, शेरा.
ऐंशीच्या वेगानं, काचा बंद, एसी एकवर:
एकोणीस पूर्णांक दोन.
शंभरच्या वेगानं, तीच माणसं, तोच रस्ता:
सोळा पूर्णांक आठ.
ओणीच्या पुढे काँक्रीट झालं तेव्हा
शशिकला म्हणाली, आता तरी पळवा.
मी म्हटलं, ऐंशीच्या पुढे हवासुद्धा पैसे मागते.
ती म्हणाली, टोलवाले बरे, एकदाच मागतात.

माझा साडू, नाचण्याचा विद्याधर,
त्याची गाडी चोवीस देते.
कशी मोजतो ते कधी सांगत नाही.
लग्नात, बाराव्याला, मासळीच्या रांगेत
ॲव्हरेज सांगणारी माणसं मी खूप ऐकली,
त्यातली फार थोडी गाडीबद्दल बोलत होती.

सोळा फेब्रुवारी.
किलोमीटर सहासष्ट. लिटर चार पूर्णांक नऊ.
भागाकार तेरा पूर्णांक सत्तेचाळीस.

संध्याकाळीच टाकी भरली होती.
रात्री पावणेदोनला मुकादमांच्या अंगणातून हाक आली.
एकशे आठ पाचलच्या बाजूला गेलेली,
राजापूरच्या डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, रत्नागिरी.
मागे नफीसा आडवी, डोकं जैतूनबींच्या मांडीवर,
पुढे शशिकला, पूर्ण मागे वळलेली.
एसी चारवर, आणि काचाही उघड्या.
लांज्याच्या अलीकडे काटा एकशे पंधरावर होता.
त्याच्या घरात एवढी जागा आहे
हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं.
अंजणारीच्या आधी डायव्हर्जन, खडी, धूळ,
दुसरा गिअर, पहिला, दुसरा, पुन्हा चौथा,
पेट्रोल याहून वाईट कशानं जळत नाही
हे तेव्हाही माझ्या डोक्यात येऊन गेलं.
लाज वाटते, पण आलं.
पालीला मी जरा पाय उचलला
तर जैतूनबी मागून म्हणाल्या, भाऊ, हळू नको.
हातखंब्याला डावीकडे. मग दिवे. मग फाटक.

सकाळी साडेसहाला पंपावर गेलो. खट्.
शशिकलेचा फोन आला तेव्हा मी भागाकार करत होतो.
मुलगी. दोन किलो नऊशे.
हातात पेन्सिल होती म्हणून तोही लिहिला,
रकाना नव्हता, समासात.

मग शेरा उरला.
पंपाच्या कठड्यावर बराच वेळ बसलो.
मागे कुणीतरी हॉर्न देत होतं.
लिहिलं: वारा समोरून होता.

परवा विद्याधर वही चाळत म्हणाला,
हे तेरा कसलं? इंजेक्टर साफ करून घे.
म्हटलं, घेतो.

त्या रात्री पान हललं नव्हतं.
माझ्या हातची खोटी नोंद ही एवढीच.
खोडरबर त्याच रबराखाली अडकवलेलं असतं,
अजून सोडवलेलं नाही.