पैसे रात्री कुठे झोपतात

सोहारला बंदराच्या पाठीमागे, फलजच्या रस्त्याला
आमची खोली. सहा खाटा, एक एसी,
तो थंडीपेक्षा आवाज जास्त देतो.
जूनमध्ये छतावरच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं,
म्हणून इसाक मुकादम रात्रीच बादली भरून ठेवतो
सकाळच्या आंघोळीसाठी.
हे त्याला कोणी शिकवलं नाही.
मला पहिल्या वर्षी पाठ भाजून कळलं.

खोलीत डिप्लोमा माझा एकट्याचा.
पाइपांचं टनेज मी तोंडी काढतो.
कोणाची ग्रॅच्युइटी, कोणाच्या मुलीची फी,
रजा कापली तर किती, न कापली तर किती,
संध्याकाळी माझ्या खाटेपाशी चपलांची रांग.
भिवा धुरी म्हणायचा, तुझ्या डोक्यात मशीन आहे.
मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

त्या शुक्रवारी तो माणूस आला.
इस्त्रीचा शर्ट, खजुरांचा डबा,
महिन्याला चार टक्के. कागद गुळगुळीत.
सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी मांडलं.
चार टक्के, चक्रवाढीने, छत्तीस महिने:
एकाचे चार, वर थोडे सुटे.
दशांशाचीही चूक नव्हती.
कोणी शंका काढली, मी उत्तर दिलं.
दुसरी काढली, तिचंही दिलं.
त्या माणसाला बोलावंच लागलं नाही,
तो खजूर वाटत होता.

आता आठवतं,
मला देवरुखला घर हवं होतं, दोन मजली, गॅलरीला ग्रिल.
ते आधीच ठरलं होतं.
गणित मागून आलं,
मुलगी पसंत पडल्यावर पत्रिका जुळवतात तसं.
छत्तीस महिने, छत्तीस गुण.

इसाक सातवी नापास. त्याने एवढंच विचारलं,
"हे पैसे रात्री कुठे झोपतात?"
आम्ही हसलो. भिवा तर खाटेवर आडवा झाला.
म्हणजे, इसाक म्हणाला, आपण इथे झोपतो,
जहाज धक्क्याला झोपतं. पैसा कुठे?
मी त्याला टर्नओव्हर समजावला.
"असेल," म्हणाला,
आणि बादली घेऊन नळाकडे गेला.

पाच जणांनी सह्या केल्या. माझे अकराशे रियाल.
भिवाचे सहाशे, त्यातले दोनशे मेव्हण्याचे.
सात महिने चार टक्के येत राहिले,
सात महिने मी शहाणा होतो.
आठव्यात फोन बंद.

भिवा भांडला नाही.
भांडला असता तर बरं.
तो आता हिशेब शेजारच्या खोलीत नेतो,
मलबारी फोरमनकडे.

एकदा दुपारच्या सुट्टीत, क्रेनच्या सावलीत
मी इसाकला विचारलं, तुला कसं कळलं?
तो नखातलं ग्रीस काढत होता.
"मला काय कळलाच नाय रे," म्हणाला,
"म्हणून नाय दिले."

मी यावर खूप विचार केला.
(विचार करण्यात खोलीत अजूनही मीच पहिला.)
मला सगळं कळलं होतं.
न कळण्याला डोक्यात जागाच उरली नव्हती,
एक खाट टाकण्यापुरतीही.

काल चिपळूणचा नवा पोरगा, निहाल,
मोबाइल पुढे करून म्हणाला,
भाऊ, ही स्कीम बघा ना. घेऊ का नको?
माझी जीभ शिवशिवली.
नको घेऊ, याची सात कारणं
क्रमाने तयार होती,
तेवढीच गुळगुळीत.
मी म्हणालो, ती बादली भरली का बघ.
उद्या बोलू.

"आत्ताच सांगा की," तो म्हणाला,
"तुम्हाला तर सगळं येतं."

बादलीतून अजून वाफ येत होती.