एकशे अठरा बाय दोनशे तीन

केटरिंगमध्ये सकाळपासून गारठा आहे
आणि प्रिंटरला ए-फोरशिवाय कुणी माहीत नाही.

एकशे अठरा बाय दोनशे तीन, मी सांगते त्याला.
मिलिमीटर.
तो इंच समजतो.
दहा फुटांना दोन इंच कमी एवढा रुंद कागद
कुठून आणणार आहात बाई,
असलं काही तो विचारत नाही. केशरी दिवा लावतो
आणि थांबतो.
थांबण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

प्रॉपर्टीजच्या आत, अ‍ॅडव्हान्स्डच्या आत,
जिन्याखालच्या कोनाड्यासारखं ते पान:
रुंदी, लांबी, समास.

समास म्हटलं की जोगबाई.
डावीकडे दोन बोटं घडी, नखाने दाबलेली,
"घडीच्या अलीकडची जागा माझी. तिथे शाई दिसली तर बघा."
याचंही म्हणणं तेच.
चार मिलिमीटर मागतो, चारी बाजूंनी.
दिले.

ग्वेंडा म्हणते, बाजारातली लेबलं आण की,
चिकटव नि मोकळी हो.
पण बाजारच्या लेबलावर मापाला एकच चौकोन असतो.
आम्हाला दोन लागतात.
थ्रॅप्स्टनचे मिस्टर ऑल्डविंकल:
डावा साडेनऊ, उजवा आठ.
कॉर्बीच्या त्या बाई, ज्यांची टाच सव्वा इंच उचलावी लागते.
जोडीने न वाढलेले पाय घेऊन
लोक येतात इथे, दोन-दोन गाड्या बदलून,
मोजे मात्र नवे कोरे.

म्हणून आयव्हर टेबटने हे कार्ड कापलं होतं,
खोक्याच्या तोंडावर बरोबर बसेल असं,
मधोमध रेघ, इकडे डावा, तिकडे उजवा.
आठशे कार्डं उरलीत बिस्किटांच्या डब्यात.
माप तो हाताने लिहायचा.
आता त्याचा हात कापतो, तीनचा आठ होतो,
आणि बुटात तीनचा आठ होऊन चालत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे, आई म्हणायची,
विशेषतः मी काही मागितलं की.
इथे वरच्या मजल्यावर पाय पाहून अंथरूण बेततात.
लाकडी फर्म्याला हाड वर आलंय तिथे चामड्याची चकती लावतात,
वर नाव लिहून खिळ्याला टांगतात.
माणूस गेल्याचं कळलं तरी
फर्मा लगेच उतरवत नाहीत. का, विचारलं
तर आयव्हरने खांदे उडवले होते.

पहिलं कार्ड आडवं आलं.
दुसरं आलंच नाही. मागचं दार उघडून काढलं,
पंख्यासारखं चुण्या पडलेलं, गरम.
तिसऱ्यावर डावा साडेनऊ स्वच्छ उमटला
आणि उजवा कडेवरून खाली पडला.
ऑल्डविंकल एका पायावर उभे.
ग्वेंडा हसली, मग मी पण,
मग ट्रेमधली ती हिरवी पट्टी
एक दात आत सरकवली.

चौथं आलं.
दोन्ही पाय रेघेच्या आपापल्या बाजूला.

सेव्ह करण्याआधी तो म्हणाला, मापाला नाव द्या.
कस्टम वन त्याने स्वतःच सुचवलं होतं.
मी ते खोडलं आणि लिहिलं: दोन पाय.
देवनागरीत, कीबोर्ड बदलून, कुणी बघत नाही असं बघून.

प्रिंटरच्या पडद्यावर आलं
तीन चौकोन, मोकळी जागा, तीन चौकोन.
त्याला अक्षर वाचता येत नाही.
"हे काय गं?" ग्वेंडाने विचारलं.
खोकी, म्हटलं मी.
तिला ते पटलं.

दुपारपर्यंत एकतीस कार्डं झाली.
मग हिशेबाचं एक पत्र छापायला घेतलं, साधं, ए-फोर,
तर म्हणतो, ट्रे दोनमध्ये
▯▯▯ ▯▯ भरा.

हो, मोजलं मी. एक चौकोन कमी होता.