रुमालाखाली

हर्णैच्या पुळणीवर लिलाव रंगला की
दाजी पावसे खांद्यावरचा रुमाल सोडायचे,
बाबांचा हात त्याखाली घ्यायचे.
दोन बोटं, मग एक दाबलेलं पेर,
सुरमईचा भाव ठरला.
भोवती चाळीस माणसं. सगळ्यांना दिसायचं
की बोलणं चाललंय.
काय, ते कुणालाच नाही.

आता मी बर्फाच्या कारखान्याशेजारी टपरीत बसते,
फुकटच्या वायफायवर
नऊ होड्यांचे आकडे रत्नागिरीला धाडते.
टपरीवाल्याचा भाचा निमिष हसतो,
"माझ्या राऊटरमधून जातं सगळं, ताई. दिसतं मला."

व्हीपीएन चालू करते.
दोन टोकं आधी एकमेकांची ओळख पटवतात,
मग भर बाजारात, सगळ्यांदेखत
किल्ली ठरवतात,
आणि ती बाजाराला कळत नाही.
हे कसं, मला अजून नीट उमगलेलं नाही.
चहा मात्र निवला.

निमिषला आता दिसतं:
सहा वाजून दहा मिनिटांनी काहीतरी गेलं,
इतकं जड, त्या दिशेला.
पापलेट की बांगडा, दोनशे की नऊशे,
त्याच्या हाती नुसती वाळू.

बाबा एकदाच म्हणाले होते, जाळं शिवता शिवता,
"रुमाल भोवतालच्यांपासून राखतो गो,
रुमालातल्या हातापासून नाही."
त्या साली बोटं बरोबर मोजली होती.
पैसे आले नव्हते.

रत्नागिरीत गाठ सुटते, आकडे उघडे होतात.
म्हणून आधी फोन लावते.
आवाज ओळखीचा निघाला
तरच धाडते.