तिसरं घर

देवळाली कॅम्पात डेन्झिल पिंटोची मागची खोली.
बाहेर डिसेंबर, आत एकतीस अंश.
मांडणीवर डबे, झाकणांना भोकं,
डब्यांवर पांढरी पट्टी, मार्करचे आकडे.
एक टिंब शून्य म्हणजे नर.
शून्य टिंब एक म्हणजे मादी.
टिंबाच्या कुठल्या बाजूला एक, तेवढ्यावर
किमतीत बारा हजारांचा फरक.

प्रफुल म्हणतो, ताई, तू बघून सांग.
मी काय बघणार?
दोन्ही पायथन सारखेच चेंडू होऊन बसलेत,
डोकं आत, बदामी ठिपके बाहेर.
त्यांना वाटतंय, आपण कुणाला दिसत नाही.

डेन्झिल एकाला उलगडतो,
तेल लावलेली बारीक सळई
हलक्या हाताने शेपटीच्या दिशेने सरकवतो.
खवले मोजतो. एक, दोन, तीन. थांबली.
"मादी."
दुसऱ्यात ती आठ खवले आत जाते.
एवढंच. एवढ्याशा खोलीचा प्रश्न.

"नर वर्षात तयार होईल," हात धुता धुता तो सांगतो,
"मादीला तीन वर्षं सांभाळ.
दीड किलो भरल्याशिवाय नराजवळ सोडायची नाही,
अंड्यांपायी जाते बिचारी.
पण नर काय, उसना मिळतो रे.
मादी कुणी उसनी देत नाही."

प्रफुलच्या पाकिटात अंबडच्या कंपनीचा बोनस,
दिवाळीपासून न मोडलेला.
तो बोटांवर हिशोब करतो:
सहा अंडी, त्यातली चार धरली,
चारातल्या दोन जरी माद्या निघाल्या...
आणि वर बघून हात जोडतो.

मुलगी व्हावी म्हणून हात जोडणारा
आमच्या घरातला
मी पाहिलेला हा पहिला पुरुष.

हसू आलं. मग राहिलं.

सकाळीच शरणपूर रोडला, आमच्या सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर
ओझरच्या एक मावशी वाकून म्हणाल्या,
पेढे की बर्फी, तेवढं सांगा ना, कुणाला कळणारे?
मी मागच्या पाटीकडे बोट केलं.
त्यांनी पाटी वाचली नाही,
माझा चेहरा वाचत राहिल्या.
सून बाकावर, बाटलीभर पाणी पिऊन,
मांड्या आवळून, नंबर यायची वाट बघत.

हा चेहरा कोरा ठेवायला
मला अकरा वर्षं लागली.

मादीच घेतली. डबा प्रफुलच्या स्वेटरात,
स्कूटर माझ्या हातात, बिटको चौकात बोचरं वारं.
तो मागून सारखा विचारत होता,
जगेल ना गं?

निघताना कोपऱ्यात एक डबा दिसला होता.
करंगळीएवढी जाड पिल्लं, उशिराच्या अंड्यांतली,
एकमेकांत इतकी गुंतलेली की मोजता येईनात.
पट्टीवर शून्य टिंब शून्य टिंब पाच.
हे काय, मी विचारलं.
"अजून तपासले नाहीत," डेन्झिल म्हणाला,
"तिसरं घर त्यांचं."

सोमवारी फायलींवर नावं घालताना
माझं पेन दोनदा थांबलं.
मावशींच्या सुनेची फाईल खालून चौथी होती.